वाइनच्या नोंदीत फळांची नावं सगळ्यात शेवटी

प्रश्न: काही वर्षं आवडीने वाइन पितो आहे. वेगवेगळ्या द्राक्षांच्या, वेगवेगळ्या प्रदेशांच्या चाखतो. पण वही उघडून लिहायला बसलो की ‘छान, फळांची चव, थोडी आंबट’ यापुढे गाडी सरकत नाही. जाणकारांच्या नोंदींत चामडं, पेन्सिलची तासणी, ओला दगड असं काय काय असतं. मला यातलं काहीच येत नाही. माझं नाक कमी पडतंय का? आणि वर्णन करायला शिकायचं तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर: नाकाची काळजी सोडा. ते बहुतेक ठीकच आहे, गडबड नोंदीच्या क्रमात आहे. तरी नाकाबद्दल आधी थोडं सांगतो, कारण तेवढं कळलं तरी न्यूनगंड निम्मा उतरतो.

सगळ्यांची नाकं सारखी नसतात. सिरा, म्हणजे ज्याला शिराझही म्हणतात, त्या द्राक्षाच्या वाइनला काळ्या मिऱ्याचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिलं तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. चाचणीला बसलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला, हे द्रव्य भरपूर घातलं तरी, त्याचा वास येतच नव्हता. एकाच बाटलीतली वाइन घेऊन बसलेल्या दोघांपैकी एक म्हणतो ‘मिरी केवढी!’, दुसरा म्हणतो ‘कुठाय?’, आणि दोघंही खरं बोलत असतात.

शिवाय बरेच वास एकत्र मिसळले की त्यातले फार तर तीन-चार माणसाला सुटे ओळखता येतात. लिव्हरमोर आणि लेंग या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात यावर प्रयोग केले. त्यात अत्तरं आणि स्वादद्रव्यं तयार करणारे पट्टीचे लोकही होते, पण चाराच्या आसपास त्यांचीही गाडी अडली. त्यामुळे बारा फळं, तीन फुलं आणि दोन मसाले असलेली नोंद वाचलीत तर लिहिणाऱ्याच्या नाकाबद्दल नव्हे, त्याच्या हौसेबद्दल अंदाज बांधा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही सुरुवात वासांच्या नावांपासून करताय, म्हणून अडताय. फळांची नावं शेवटी यायला हवीत. आधी लिहायचा तो वाइनचा सांगाडा: आंबटपणा, गोडी, तुरटपणा, अल्कोहोल आणि तोंडात जाणवणारा भरीवपणा, ज्याला सगळे बॉडी म्हणतात. आम्ल, साखर, अल्कोहोल या प्रयोगशाळेत मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत. म्हणून त्यावर दोन माणसांचं एकमत होऊ शकतं, आणि तुमची नोंद वर्षभराने वाचली तरी तिचा अर्थ लागतो. ‘चेरी’ या शब्दाचं तसं नाही.

आंबटपणा ओळखायला जीभ नव्हे, लाळ बघा. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मान थोडी पुढे झुकवा. जिभेखाली आणि गालांच्या आत लाळ किती झरते आणि किती वेळ झरत राहते, तीच तुमची मोजमापाची फूटपट्टी. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची रीस्लिंग ही पांढरी वाइन घेऊन हे एकदा करून पाहा, शंका राहणार नाही.

गोडीच्या बाबतीत जवळपास सगळे फसतात. पिकल्या फळाचा वास आला की मेंदू ‘गोड’ असं सांगून मोकळा होतो, वाइनमध्ये साखर जवळपास शून्य असली तरी. उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरून घोट घ्या. नाक बंद असताना जी गोडी जिभेला लागते ती साखरेची, नाक सोडल्यावर जी एकदम वाढते ती वासाची. उलटही होतं. मोझेलच्याच काब्बिनेट प्रकारच्या रीस्लिंगमध्ये साखर चांगली भरपूर असू शकते, पण आंबटपणा इतका तेज असतो की गिळल्यावर गोडी मागे उरतच नाही आणि कितीतरी लोक तिला कोरडी, म्हणजे बिनगोडीची समजतात. म्हणून ‘गोड’ लिहिण्याऐवजी ‘साखर जाणवते, पण आंबटपणा ती पुसून टाकतो’ असं लिहा. या एका वाक्यात पाच फळांपेक्षा जास्त माहिती आहे.

तुरटपणाला मात्र मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन. लाल वाइनच्या वर्णनाचा अर्धा जीव त्यात असतो आणि नवशिके ‘टॅनिन आहे’ एवढं लिहून पुढे जातात. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून, देठांतून आणि ओकच्या पिंपांतून येतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत लागतं. म्हणजे ही चव नाहीच, स्पर्श आहे, आणि स्पर्शाचे शब्द आपल्याकडे चिकार आहेत: मऊ, रेशमी, भरड, खरखरीत, रवाळ, चिकट, बोचरा. नुसतं ‘किती’ न लिहिता ‘कसा’ आणि ‘कुठे’ तेही लिहा. ओठ हिरड्यांना चिकटतात का? जीभ टाळूवरून फिरवली तर अडखळते का? गालांच्या आत ओढ बसते का? याचा सराव वाइनशिवायही होतो. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा तीन मिनिटं, सहा मिनिटं आणि बारा मिनिटं मुरवून तीन कपांत ओता आणि क्रमाने चाखा. कडवटपणा ही जिभेला लागणारी चव आणि तुरटपणा हा सगळ्या तोंडात पसरणारा स्पर्श, हा फरक एकदा पकडला की दोन्हींची सरमिसळ होत नाही.

अल्कोहोलची ऊब गिळल्यावर घशात आणि छातीत जाणवते. बॉडी म्हणजे पातळ दूध आणि साय असलेलं दूध तोंडात जसं वेगळं लागतं तसला फरक. यात अल्कोहोल, साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ सगळ्यांचाच हात असतो, त्यामुळे इथे फार काथ्याकूट करू नका. हलकी, मध्यम, भरीव एवढं पुरतं.

हे सगळं शिकायची माझी पद्धत एकच: कधीही एकच वाइन समोर घेऊन बसू नका. दोन घ्या. एकट्या वाइनबद्दल ‘आंबटपणा मध्यम’ असं लिहिताना कशाच्या मानाने मध्यम, हे तुम्हालाच ठाऊक नसतं. शेजारी दुसरी आली की शब्द आपोआप सुचतात, कारण आता तुम्ही वर्णन करत नसता, फरक सांगत असता.

जोडी विचार करून निवडावी. एकच गोष्ट बदललेली असेल तर उत्तम. शाब्ली ही फ्रान्समधल्या बर्गंडीच्या उत्तर टोकाला शार्डोने द्राक्षाची होणारी पांढरी वाइन. ती बहुधा स्टीलच्या टाक्यांत तयार होते आणि नव्या ओकशी तिचा संबंध कमीच येतो. तिच्या शेजारी नव्या ओक पिंपांत मुरलेली शार्डोने ठेवलीत की द्राक्ष तेच, पण एकीत लिंबू आणि हिरवं सफरचंद, तर दुसरीत व्हॅनिला, भाजलेला पाव, कधी लोणी. फ्रान्सच्या लॉयर खोऱ्यातली सॉन्सेर आणि न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लां ही दुसरी चांगली जोडी, दोन्ही सोव्हिन्यों ब्लां या एकाच द्राक्षाच्या. मार्लबरोवाली पेला नाकाशी यायच्या आतच पॅशनफ्रूट, पेरू आणि कापलेल्या गवताचा वास फेकते, सॉन्सेर मात्र बोलायला वेळ घेते.

माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे पिनो न्वार आणि नेब्बिओलो या दोन द्राक्षांच्या लाल वाइन, कारण ती डोळ्यांचा भ्रम मोडते. दोन्ही पेल्यांत ओतल्या की रंग फिका, पेल्यामागे धरलेली बोटं आरपार दिसतात. बघून वाटतं, दोन्ही नाजूक असणार. पिनो नाकाशी नेली की चेरी आणि स्ट्रॉबेरी. नेब्बिओलोला वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि त्याखाली चक्क डांबर. इथवरही फार काही बिघडलेलं नसतं. मग घोट घ्या. पिनो जिभेवरून सरकून जाते, तुरटपणा शेवटी जरासा. नेब्बिओलो मात्र दोन-तीन सेकंद गप्प राहते आणि मग वरचा ओठ हिरडीला असा चिकटतो की जिभेने सोडवावा लागतो. ‘रंग फिका, टॅनिन कडक’ ही नोंद तुम्ही त्यानंतर जन्मात विसरत नाही, आणि लेबल न दाखवता पुढे आलेली बरोलो, जी नेब्बिओलोचीच असते, ओळखायला तेवढं कधीकधी पुरेसं असतं.

आता वास. पेला गोल फिरवा, नाक आत घाला आणि लहान लहान दोन-तीन हुंगण्या घ्या. एक लांब श्वास ओढून ‘अजून काहीतरी असेल’ म्हणत बसलात की नाक त्या वासाला सरावतं आणि तो यायचाच बंद होतो. अडकलात तर स्वतःच्या हाताची बाही किंवा कातडी हुंगा आणि पुन्हा पेल्याकडे या. घोट तोंडात असताना नाकाने श्वास बाहेर सोडायला विसरू नका. ज्याला आपण वाइनची ‘चव’ म्हणतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात जाणाऱ्या वासाने येतं.

नाव शोधताना मोठ्या घरातून लहान खोलीत जावं. फळ की फूल की मसाला की लाकूड? फळ असेल तर लिंबाच्या जातीचं, सफरचंदाच्या जातीचं, की लाल बेरीवर्गातलं? ताजं, पिकलेलं, शिजवलेलं की सुकवलेलं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या अॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाइनच्या वासांचं जे चक्र तयार केलं ते याच तत्त्वावर आहे: मधल्या कड्यात ठोकळ गट, बाहेर जाल तसे नेमके वास. ‘सुरेख’, ‘खानदानी’ असल्या शब्दांना त्यात जागा नाही, कारण ते वास नव्हेत, मतं आहेत. तुम्हाला नेमकं नाव सापडलं नाही तर गटावर थांबा. ‘सुकं लाल फळ’ ही प्रामाणिक नोंद आहे. न हुंगलेल्या फळाचं नाव ऐकीव म्हणून लिहिणं ही नाही.

नोबल यांच्याच कामातून आलेला एक सराव मी सगळ्यांना करायला लावतो. साधी, फारसा स्वतःचा वास नसलेली पांढरी वाइन घ्या. चार-पाच पेल्यांत प्रत्येकी पन्नास मिली ओता. एकात ढोबळ्या मिरचीचा नखाएवढा तुकडा, एकात एक लवंग, एकात अननसाच्या रसाचे काही थेंब, एकात लोण्याचा अर्क असेल तर अगदी थेंबभर. वर बशी झाकून अर्धा तास ठेवा. मिरचीचा तुकडा दहा मिनिटांतच काढला तरी चालेल, त्याचा वास फार पुढे धावतो. मग बशी उचलून हुंगा, शेजारचा साधा पेला हुंगा, पुन्हा पहिला. ढोबळ्या मिरचीचा वास काबर्ने सोव्हिन्यों, काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लांमध्ये ज्या पायराझिन द्रव्यांमुळे येतो ती मिरचीत असणाऱ्यांपैकीच आहेत, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळतात. म्हणजे हा वास ‘सारखा’ नसतो, तोच असतो. लिचीचंही तसंच: गेव्हुर्त्सट्रामिनर द्राक्षाच्या वाइनमध्ये लिचीचा वास येतो कारण रोझ ऑक्साइड हे द्रव्य दोन्हीकडे आहे. फ्रान्सच्या ज्युरा भागातल्या व्हाँ जोन या वाइनमध्ये सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, आणि मेथीदाण्यांचा ओळखीचा वासही त्याचाच. हे एकदा कळलं की जाणकारांच्या नोंदी कविता वाटेनाशा होतात.

तुम्ही विचारलेली पेन्सिलची तासणी अशीच आहे. पेन्सिली पूर्वापार सिडार वर्गातल्या लाकडाच्या बनत आल्यात आणि ओकमध्ये मुरलेल्या बोर्दोच्या काबर्नेत तो वास खरंच येतो. पेन्सिलला टोक करा आणि हुंगा. चामडं दोन वाटांनी येतं: वयाने मुरलेल्या लाल वाइनमध्ये, किंवा ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे. ते यीस्ट जास्त झालं की चामड्याचा तबेला होतो. ओल्या दगडाबद्दल मी जरा खडूस आहे. मातीतली खनिजं मुळांतून वर येऊन पेल्यात चवीला लागतात, याला आधार नाही. ‘मिनरल’ हा शब्द लोक कधी आंबटपणासाठी, कधी काडी ओढल्यासारख्या गंधकाच्या वासासाठी, कधी फळ कमी आहे म्हणून वापरतात. तुम्ही वापरलात तर या तिघांपैकी काय म्हणायचंय ते पुढे लिहा.

वास कुठून आला याचा अंदाज लागला तर नोंदीला खोली येते. द्राक्षातून आलेले वास फळांचे, फुलांचे, पानांचे. आंबवण्यातून आणि नंतरच्या प्रक्रियेतून लोणी (मॅलिक आम्लाचं लॅक्टिक करणाऱ्या जिवाणूंमुळे), किंवा शॅम्पेन मृत यीस्टवर महिनोन् महिने पडून राहते तेव्हा येणारा पावाचा, बिस्किटांचा वास. पिंपांतून व्हॅनिला, लवंग, धूर, अमेरिकी ओक असेल तर खोबरं. वयातून सुकामेवा, मध, अळंबी, तंबाखू, आणि जुन्या रीस्लिंगमधलं ते प्रसिद्ध पेट्रोल.

लेबल आधी बघू नका. २००१ साली बोर्दोमध्ये मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दियू या संशोधकांनी वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांसमोर पांढरी वाइन, वास नसलेल्या रंगाने लाल करून ठेवली. विद्यार्थ्यांनी तिला लाल वाइनचे शब्द दिले. शिकाऊ होते म्हणून हसू नका. कॅलिफोर्निया स्टेट फेअरमध्ये रॉबर्ट हॉजसन यांनी अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. २००८ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत जेमतेम दहा टक्के परीक्षक स्वतःच्याच गुणांशी सुसंगत राहिले. म्हणून मी गुण देत नाही आणि तुम्हीही देऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. बाटली कागदात गुंडाळा, दुसऱ्या कोणाला ओतायला सांगा, नोंद पुरी झाल्यावरच कागद काढा.

बाकी तयारी किरकोळ. पेले सगळे एकसारखे, तोंडाशी निमुळते, आणि ओतायची पन्नास मिली, म्हणजे एका बाटलीत पंधरा जण चाखतात. पेल्याच्या कडेने ओघळणाऱ्या धारा बघून दर्जा ठरवू नका, त्या अल्कोहोलच्या बाष्पीभवनाने होतात. फ्रिजमधून थेट काढलेल्या वाइनला वास कमी आणि तुरटपणा जास्त लागतो. उकाड्यात ठेवलेल्या लालला नुसतं अल्कोहोल. हलक्या पांढऱ्यांसाठी ८ ते १२ अंश सेल्सिअस, लालसाठी १५ ते १८ धरून चला. आणि थुंकायला भांडं ठेवा. यात अवमान कसलाच नाही, चौथ्या पेल्यानंतर सगळ्याच वाइन ‘मस्त’ होतात.

बिघडलेली वाइन ओळखता आली नाही तर तुम्ही दोषालाच स्वभाव समजून लिहाल. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आणि फळ गायब: बुचातून आलेलं टीसीए नावाचं द्रव्य. हवा लागली तरी ते जात नाही. सडक्या अंड्याचा वास असेल तर आधी पेला चांगला घुसळा, बरेचदा तो उडून जातो. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे इथिल अॅसिटेट. मार लागलेलं, तपकिरी पडलेलं सफरचंद म्हणजे हवेने गेलेली वाइन, पण स्पेनच्या फिनो शेरीत तसाच वास मुद्दाम, वर वाढू दिलेल्या यीस्टच्या थरातून येतो, तिथे तो दोष नव्हे.

शेवटी एक नोंद कशी दिसावी ते दाखवतो. मोझेलच्या काब्बिनेटवर तुमची आत्ताची नोंद असेल: ‘छान, गोडसर, फळांची चव, हलकी.’ तीच अशी लिहा: ‘फिकट, हिरवट झाक. आंबटपणा तेज, लाळ बराच वेळ झरते. साखर स्पष्ट, पण गिळल्यावर मागे उरत नाही. अल्कोहोल कमी, घशात ऊब नाही. हलकी. चव दहा सेकंद टिकते, शेवटही आंबटच. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, मागे कुठेतरी पेट्रोल.’ यात एकही मोठा शब्द नाही.

नोंद उपयोगी आहे का, याची चाचणी घरच्या घरी होते. तीन वेगळ्या वाइन ओता, एकीची नोंद लिहा आणि ज्याने ती लिहिताना बघितलं नाही अशा मित्राला वाचायला देऊन पेला निवडायला सांगा. त्याने बरोबर पेला उचलला तर ठीक. चुकला तर कोणत्या ओळीवरून चुकला ते विचारा, आणि पुढच्या वेळी ती ओळ दुसऱ्या शब्दांत लिहून पुन्हा तीन पेले मांडा.